नकाशात नसलेली बोट

29 डिसेंबर 1812 रोजी ब्राझीलच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर ‘जावा’ ही ब्रिटिश फ्रिगेट आणि ‘कॉन्स्टिट्यूशन’ ही अमेरिकन फ्रिगेट समोरासमोर आल्या. काही तासांच्या तोफाबाजीत जावाच्या डोलकाठ्या आडव्या झाल्या, कप्तानाला प्राणघातक जखम झाली आणि पुढे अमेरिकनांनी तिला आग लावून दिली. आरमारी इतिहासाच्या पुस्तकांत या लढाईवर पानेच्या पाने आहेत. तिच्यामुळे मुंबईच्या गोदीत काय खोळंबले, याचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. जावा मुंबईलाच यायला निघाली होती. गोदीत बांधणी चाललेल्या ‘कॉर्नवॉलिस’च्या बुडाला ठोकायचे तांब्याचे पत्रे तिच्यावर होते. शिवाय ब्रिटिश नौदलाला मुंबईत बांधून हव्या असलेल्या एका नव्या फ्रिगेटचे आराखडेही होते. दोन्ही गेले.

आराखडे पुन्हा पाठवावे लागले. एका पत्राचे उत्तर यायला वर्ष लागण्याचे ते दिवस. त्या फ्रिगेटचा कणा बसायला 1816 उजाडले. पारशी रिवाजाप्रमाणे कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या हातची ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. तोवर नेपोलियन सेंट हेलेना बेटावर जाऊन बसला होता आणि गिऱ्हाइकाची गरजच संपली होती. कोरे करकरीत जहाज 1819 मध्ये पोर्ट्समथला पोहोचले आणि 1845 पर्यंत नुसते बांधून ठेवले गेले. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. अजून पाण्यावर तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत त्याच्याइतके जुने दुसरे नाही.

सांगेल तशी बोट बांधून देणाऱ्याच्या धंद्यातली सगळी दुखणी या एका ऑर्डरीत दिसतात. गिऱ्हाईक दूर, आराखडा दुसऱ्याच कोणाचा, वेळापत्रक कोलमडलेले, आणि माल तयार होईस्तोवर मूळ कारणच नाहीसे झालेले. कारखान्यातल्या साच्यातून निघणाऱ्या बोटींचे गणित वेगळे असते. पहिल्या बोटीत जे चुकले ते दहाव्या बोटीपर्यंत दुरुस्त होते. एकच बोट बांधणाऱ्याला दहावी बोट नसते. त्याची पहिली बोट हीच शेवटची, आणि ती घेऊन कोणीतरी खरोखरच्या समुद्रात जाणार असतो.

मुंबईच्या गोदीतले वाडिया घराणे या कामात मुरलेले होते. लवजी नसरवानजी 1736 मध्ये सुरतेहून आले, आणि पुढची जवळजवळ दीडशे वर्षे गोदीचे मुख्य बांधणीकार याच घरातले होते. त्यांच्या हाताशी मलबारचा साग होता. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे खाल्ले जातात. सागातल्या तेलाने खिळाही टिकतो आणि लाकूडही. 1810 मध्ये जमशेटजींनी उतरवलेली ‘मिंडेन’ ही ब्रिटिश नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधलेली पहिली मोठी लढाऊ नौका. जावाबरोबर जिचे पत्रे गेले ती कॉर्नवॉलिस 1813 मध्ये उतरली. चीनला हाँगकाँग सोडायला लावणारा नानकिंगचा तह 1842 मध्ये तिच्यावरच झाला. आराखडे लंडनहून येत, पण कोणते झाड कोणत्या बाकाला लावायचे हे त्यांत लिहिलेले नसे. ते मुंबईतच ठरे.

आराखडा म्हणजे बोट नव्हे, हे बोट बांधणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळते. एकास वीस या प्रमाणातल्या चित्रात पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तर प्रत्यक्षात ती एक सेंटिमीटर जाड होते. बोटीच्या पोटात एक सेंटिमीटरचा खड्डा किंवा फुगवटा म्हणजे फळी न बसण्याची हमी. म्हणून पूर्वी सगळे चित्र मोठ्या सपाट जमिनीवर बोटीच्या खऱ्या मापाने पुन्हा काढत. मापांच्या खुणांवर खिळे मारायचे आणि त्यांच्या आधाराने एक लांब, लवचिक लाकडी पट्टी वाकवायची. मग कारागीर पोटावर पालथा पडून, गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून पट्टीच्या टोकाकडून बघतो. कुठे अवघडलेला बाक दिसला की तिथला खिळा उपसायचा. पट्टी आपणहून थोडी सरकते आणि निवांत होते. कागदावरचे माप आणि पट्टीने घेतलेला बाक यांत भांडण झाले, तर पट्टीचे ऐकायचे. आता संगणक हे काम चोख करतो आणि साचे यंत्रावर कापून येतात. तरी बोटीचा सांगाडा झाकला गेल्यावर तिच्या अंगावरून तळहात फिरवून उंचवटे शोधणे आणि लांब फळीला पॉलिशपेपर लावून ते घासणे यातून कोणत्याही यार्डाची सुटका झालेली नाही.

कधीकधी आराखडाच भलता निघतो. 1963 च्या सुमारास ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतले एक तरुण अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, मुंबईत होते. काही साथीदारांसोबत स्वतःची बोट बांधून घ्यायची आणि ती हाकत मायदेशी जायचे, असा बेत होता. इंग्लंडमधल्या एका कंपनीकडून टपालाने आराखडा मागवला. पाकीट उघडले तर तो मनात असलेल्या बोटीचा नव्हताच. विल्यम अॅटकिन या अमेरिकन आरेखकाने 1920च्या दशकात काढलेल्या ‘एरिक’ नावाच्या बोटीचा तो होता. नॉर्वेच्या कॉलिन आर्चरने बचावकामासाठी घडवलेल्या बोटींवर बेतलेली ही बोट पुढून-मागून दोन्हीकडे निमुळती, जड आणि संथ. फॅशनेबल तर मुळीच नव्हती. परत पाठवून दुसरा आराखडा मागवण्यात वेळ गेला असता. म्हणून हाती आले तेच बांधायचे ठरले.

कुलाब्याच्या एका वर्कशॉपमध्ये सागाच्या लाकडात 32 फुटांची ती बोट उभी राहिली. मुंबईच्या सुतारांची हत्यारे पाहून नॉक्स-जॉन्स्टन थक्क झाले होते. वाकसाने तासलेल्या फळ्या, दोरीने फिरवायच्या सामत्याने पाडलेली भोके. विजेचे यंत्र जवळजवळ नाहीच. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून बोट पाण्यात सोडली. तिचे नाव ‘सुहैली’. इराणी आखातात अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला याच नावाने ओळखतात.

साडेतीन वर्षांनी, 14 जून 1968 रोजी, हीच बोट घेऊन नॉक्स-जॉन्स्टन इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटे निघाले. कुठेही न थांबता शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करायची, अशी ती शर्यत होती. अटलांटिकमध्ये असतानाच आत पाणी येऊ लागले. कण्याला लागून असलेल्या पहिल्या फळीची फट दोन्ही बाजूंनी उघडत होती. फळ्यांच्या बोटीत हा सांधा नेहमीच नाजूक असतो, कारण खाली कण्याचे वजन ओढत असते आणि वर डोलकाठी आणि दोर बोटीला पिळत असतात. नॉक्स-जॉन्स्टन श्वास रोखून बोटीखाली गेले आणि फटीत कापूस ठोकू लागले. एका दमात जेवढा ठोकावा तेवढा पुढचा दम घेईपर्यंत निघून येई. मग त्यांनी कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासले, पट्टी फटीवर दाबून तांब्याच्या बारीक खिळ्यांनी बसवली आणि वरून तांब्याचा पत्रा मारला. मध्ये एक शार्क घिरट्या घालू लागला. त्याला गोळी घालावी लागली. फट बंद झाली.

सागाच्या बोटीचा हा मोठा गुण. ती बिघडते, पण सुई, कापूस आणि हातोडी असलेल्या माणसाला दुरुस्तही करता येते. पुढे सुकाणू आपोआप सांभाळणारे यंत्र मोडले, तेव्हा भलत्या पाकिटातून आलेली ती जुनाट ठेवण कामी आली. शिडांचा तोल नीट साधला की सुहैली आपली आपण सरळ चाले. शर्यतीत नऊ जण निघाले होते. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, फाल्मथला परत पोहोचले ते एकटे नॉक्स-जॉन्स्टन. त्या काळच्या जाणकारांना विचारले असते, तर या बोटीवर कोणी पैसा लावला नसता.

भारतीयाने एकट्याने अशी प्रदक्षिणा करावी, ही कल्पना पुढे धरून बसले ते निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहणाऱ्या आवटींची अट एका वाक्यात मावणारी होती: माणूस भारतीय, बोट भारतात बांधलेली. 2006 मध्ये नौदलातले पाणबुडे अधिकारी दिलीप दोंदे पुढे आले. माणूस मिळाला. बोट कोण बांधणार, हा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण असल्या बोटीचा अनुभव देशात जवळजवळ कोणालाच नव्हता.

काम गेले गोव्यात, दिवाडी बेटावर. तिथे जायचे तर रायबंदर किंवा जुन्या गोव्याहून फेरीबोटीने मांडवी ओलांडावी लागते. रत्नाकर दांडेकर तिथे ‘अॅक्वेरियस फायबरग्लास’ हे यार्ड चालवत होते. फायबरग्लासच्या बोटींचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. महासागर ओलांडणाऱ्या शिडाच्या बोटीचा नव्हता. आराखडा नेदरलँड्सच्या व्हान डे स्टाट या कार्यालयाचा घेतला, ‘टोंगा 56’ नावाचा. 56 हा आकडा फुटांतल्या लांबीचा. म्हणजे विकत मिळणारा आराखडा, दूरच्या देशातला आरेखक, नवखा बांधणारा आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशी बोट घेणारे गिऱ्हाईक.

लाकडाचा गाभा आणि त्याच्या आत-बाहेर फायबरग्लास, अशी तिची बांधणी. फायबरग्लासचा एकच जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर केले आणि हलक्या लाकडाने ते एकमेकांपासून दूर धरले, तर तेवढ्याच वजनात बोट कितीतरी ताठ होते. मधल्या लाकडाचे काम बहुतांशी अंतर राखण्याचे. पण थर लाकडापासून कुठे सुटला, मध्ये हवेचा फुगा राहिला, की सगळा हिशोब फसतो. शिवाय तो फुगा बाहेरून दिसत नाही. जाणता कारागीर नाण्याने किंवा छोट्या हातोडीने टकटक करत पुढे जातो. जिथे आवाज बद्द येतो तिथे खूण करतो.

अशा कामात हवामान हे दुसरे मालकच. रेझिन आणि हार्डनर ठराविक प्रमाणात मिसळले की घड्याळ सुरू होते. घाईत बादलीभर कालवले तर मिश्रण आपल्याच उष्णतेने तापून धूर सोडते आणि ब्रशसकट दगड होते. म्हणून थोडे थोडे कालवायचे आणि पसरट भांड्यात ओतायचे. दमट हवेत इपॉक्सी वाळताना वर मेणचट साय येते. ती पाण्याने धुऊन, घासून काढल्याशिवाय पुढचा थर दिला तर तो धरत नाही. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात बोट बांधणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

याहून मोठी धास्ती वजनाची. प्रत्येक जण चांगल्या हेतूने थोडे जास्त घालतो. रेझिनचा एक जादा हात, एक दणकट कोनाडा, मालकाला हवी असलेली एक जास्तीची टाकी. पाण्याच्या रेषेपाशी बोटीचा आडवा छेद 30 चौरस मीटर असेल, तर 300 किलो वाढले की बोट सुमारे एक सेंटिमीटर खाली बसते. हे वजन तळाशी असेल तर एक वेळ चालून जाते. डेकवर किंवा डोलकाठीवर चढलेले किलो बोटीला आडवी करायला मदत करतात आणि उलटल्यावर सरळ व्हायला अडवतात. आराखड्यात वजन लिहिलेले असते, पण बांधणी संपल्यावर खरे वजन कुठे आहे हे मोजावेच लागते. त्याची रीत जुनी आणि सुरेख आहे. वारा पडलेला, पाणी शांत, बांधलेले दोर सैल. बोटीत एक लांब ओळंबा टांगायचा आणि त्याचे वजन तेलाच्या बादलीत बुडवायचे, म्हणजे तो हेलकावत राहत नाही. मग ठाऊक वजनाचे ठोकळे डेकच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला ठाऊक अंतर न्यायचे आणि ओळंबा पट्टीवर किती सरकला ते वाचायचे. त्या काही मिलिमीटरांवरून बोटीचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते निघते. हा आकडा निघेपर्यंत यार्डात फारसे कोणी बोलत नाही.

एकट्यासाठी बांधायची बोट आणखी निराळी. दहा जणांच्या बोटीत डोलकाठीपाशी एक जण जातो, सुकाण्यावर दुसरा असतो, तिसरा झोपतो. एकट्याला तिन्ही ठिकाणी असावे लागते. म्हणून दोर कुठून कुठे न्यायचे, कोणती झडप अंधारात हाताला लागली पाहिजे, माणूस झोपेतून उठून किती पावलांत सुकाण्याशी पोहोचतो, असे बारीकसारीक निर्णय शेकड्याने घ्यावे लागतात. यातले फार थोडे आराखड्यात असतात. दोंदे बांधणीच्या काळात गोव्यात होते, याचे महत्त्व इथे आहे. दक्षिण महासागरात जो एकटा दुरुस्ती करणार, त्याने प्रत्येक नळी आणि तार भिंतीआड जाण्यापूर्वी पाहिलेली बरी. बांधणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो. ज्याच्या जिवावर आपली चूक बेतणार तो माणूस रोज चहाला समोर असला, की काम कामचलाऊ राहत नाही.

‘म्हादेई’ फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. नाव मांडवीचेच, तिचे जुने. 19 ऑगस्टला दोंदे मुंबईहून निघाले आणि फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅनली आणि केप टाउन असे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परत आले. शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. नोव्हेंबर 2012 मध्ये अभिलाष टॉमी तीच बोट घेऊन गेले आणि कुठेही न थांबता 151 दिवसांत परतले.

यशस्वी बोटीची दुसरी ऑर्डर येते, तशी ‘तारिणी’ची आली. त्याच आराखड्याची, त्याच यार्डातली ही बोट 2017 मध्ये नौदलात आली आणि सहा महिला अधिकाऱ्यांनी तिच्यातून सप्टेंबर 2017 ते मे 2018 या काळात प्रदक्षिणा केली. परतीच्या वाटेवर सुकाण्याच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि ठरलेले नसताना मॉरिशसला थांबावे लागले. एकाच आराखड्याची आणि एकाच हातची बोटही पहिलीसारखीच वागेल, असे समुद्र मानत नाही. 2024-25 मध्ये दिलना के. आणि रूपा अळगिरीसामी या दोघींनी पुन्हा तारिणीतूनच फेरी पूर्ण केली.

याच यार्डात 2017 मध्ये आणखी एक बोट उतरली आणि तिच्यात या गोष्टीचे एक वर्तुळ पूर्ण झाले. 1968च्या शर्यतीच्या पन्नाशीनिमित्त 2018 मध्ये तीच शर्यत जुन्या पद्धतीने घ्यायची ठरली. जीपीएसवर वाट काढायची नाही, बोटी जुन्या ठेवणीच्या. सुहैलीच्या प्रतिकृतीलाही मुभा होती. टॉमींसाठी दांडेकरांनी सुहैलीची प्रतिकृती बांधली, ‘तुरिया’. मुंबईच्या सुतारांनी चुकून आलेल्या आराखड्यावरून जे केले, तेच आता गोव्यात मुद्दाम करायचे होते. जुन्या बोटीची नक्कल करणे हे नवी बोट बांधण्याहून सोपे नाही. नव्या बोटीत अडचण आली तर आकार बदलता येतो. नकलेत ती सोय नाही. सप्टेंबर 2018 मध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तुरिया उलटवली, डोलकाठी मोडली आणि टॉमींच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. एका फ्रेंच जहाजाने त्यांना वाचवले. बोट मात्र सोडून द्यावी लागली. ती बुडाली नव्हती. तिच्या पोटातच टॉमी मदत येईपर्यंत पडून होते. हे बांधणाऱ्याच्या खात्यावर लिहायला हवे.

आराखडाच नसलेल्या बोटीही असतात, आणि आपल्या किनाऱ्यावर त्या कायम बांधल्या गेल्या आहेत. केरळात बेपूरला आखाती गिऱ्हाइकांसाठी ‘उरू’ बांधतात. कच्छमध्ये मांडवीला रुक्मावती नदीच्या काठी मोठाली लाकडी जहाजे उभी राहतात. लांबी, रुंदी आणि माल किती न्यायचा हे गिऱ्हाईक सांगतो. बाकी सगळे मुख्य मिस्त्रीच्या डोक्यात असते. पण तो आराखडा डोक्यात का होईना, असतो. ‘कौंडिण्य’च्या वेळी तोही नव्हता.

कौंडिण्य हे जहाज निघाले अजिंठ्याच्या भिंतीवरून. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातले एक जहाज रंगवलेले आहे. त्यावरून खिळा न वापरता शिवलेले जहाज बांधायचे, असे ठरवून जुलै 2023 मध्ये सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि दिवाडीवरचे ‘होडी इनोव्हेशन्स’ यांच्यात करार झाला. चित्रकाराने जहाज एका बाजूने रंगवले आहे. त्याची रुंदी किती, बूड गोल की चपटे, पाण्याखाली किती, हे भिंत सांगत नाही. शिवाय तो चित्रकार होता, सुतार नव्हता. गोष्टीत माणूस महत्त्वाचा म्हणून त्याने माणसे मोठी काढली. त्यांच्या मापाने जहाज मोजायला गेले तर भलतेच उत्तर येते. तेव्हा आधी अंदाजाने आकार बसवला, मग आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने तो पाण्यात कसा वागेल ते तपासले. लाकडी डोलकाठीचा हिशोब नौदलाने स्वतः केला. अंदाज, तपासणी, दुरुस्ती, पुन्हा अंदाज. वाडियांना इंग्लंडहून दुसरा आराखडा मागवता आला. इथे ती सोय नव्हती.

शिवणारे हात केरळातून आले. मुख्य कारागीर होते बाबू शंकरन. शिवलेल्या जहाजात काम उलट्या क्रमाने चालते. नेहमीच्या लाकडी बोटीत आधी बरगड्या उभ्या करतात आणि त्यांना फळ्या ठोकतात. इथे फळीला फळी शिवत कवच आधी तयार होते. फळी वाफेने मऊ करून तिला बाक देतात. दोन फळ्यांच्या कडांना भोके पाडतात, आतल्या अंगाला सांध्यावर काथ्याची वळी ठेवतात आणि काथ्याच्या दोरीने दोन्ही फळ्या आणि ती वळी एकत्र आवळतात. या कामाला माणसांची जोडी लागते, एक आत आणि एक बाहेर. गोधडी घालताना सुई पलीकडे जाते आणि पलीकडचा हात ती परत पाठवतो, तसे हे चालते. फक्त इथे दोघांना एकमेकांचे तोंड दिसत नाही. दोर ओढून ताणल्यावर भोक घट्ट बंद करतात. शेवटी काथ्या, राळ आणि माशाचे तेल यांनी सांधे मुजवतात.

हे नुसते हौसेचे काम म्हणावे, असे पहिल्यांदा वाटते. पण शिवलेल्या जहाजाला स्वतःचे तर्कशास्त्र आहे. लाट आदळली की खिळ्यांचा सांधा ताठ राहतो आणि अखेर फळीच खिळ्यापाशी चिरते. शिवलेला सांधा किंचित सैल होतो, लाट गेली की परत बसतो. लोखंड महाग आणि गंजणारे होते, तेव्हा नारळाचा काथ्या किनाऱ्यावर फुकटासारखा मिळत होता आणि खाऱ्या पाण्यात तो चांगला टिकतोही. अरबी समुद्रातला व्यापार शतकानुशतके अशा जहाजांवर चालला.

12 सप्टेंबर 2023 रोजी कणा बसला आणि फेब्रुवारी 2025 मध्ये जहाज मांडवीत उतरले. 21 मे 2025 रोजी कारवारला ते नौदलात दाखल झाले, तेव्हा त्याला कौंडिण्य हे नाव मिळाले. चौकोनी शिडे आणि सुकाण्याऐवजी वल्ह्यासारखे दांडे. आजच्या नौदलात कोणालाच यांची सवय नव्हती, त्यामुळे जहाज मिळाल्यावर गिऱ्हाईक चालवायला शिकले. 29 डिसेंबरला पोरबंदरहून निघून 14 जानेवारी 2026 रोजी कौंडिण्य मस्कतला पोहोचले.

ओमानला अशा जहाजाचे नवल नाही. टिम सेव्हरिन यांनी 1980 मध्ये तिथे सूर गावात ‘सोहार’ हे शिवलेले जहाज बांधून चीनपर्यंत नेले होते. त्याचे लाकूड मलबारचे होते, आणि दोर व शिवणारे लक्षद्वीपचे. तेव्हाही ही माणसे शोधून आणावी लागली होती आणि दिवाडीच्या कामासाठीही शोधावी लागली. खिळ्यांचे जहाज यार्डातून गेले की कोणत्याही बंदरात दुरुस्त करता येते. शिवलेल्या जहाजाला तेल पुन्हा पुन्हा पाजावे लागते, काही काळाने दोर बदलून टाके नव्याने घालावे लागतात, आणि ते घालणारे हात अजून तरी केरळ आणि लक्षद्वीपच्या मोजक्या गावांतच आहेत.